काशीद येथील एक सहाबारी पिस्तूल : कोल्टच्या आरमारी व लष्करी नमुन्यांतील भेद

जुन्या जंजिरे संस्थानच्या मुलुखांतील काशीद गांवीं एका घराण्याच्या संग्रहीं असलेलें सहाबारी पिस्तूल आम्हीं तीन वर्षांपूर्वीं प्रथम पाहिलें. त्या वेळीं त्याविषयीं जें मत आम्हीं मालकांस तोंडीं सांगितलें, तें चुकीचें होतें असें आतां ठरलें आहे. मालकांनीं तें मत एका कागदावर लिहून पिस्तुलाच्या पेटींत झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटविलें. तेथून तें दोघांतिघां संग्राहकांनीं उतरून घेतलें. आणि गेल्या वर्षीं एका मित्राच्या टिपणवहींत तें "सत्तावन सालचें पिस्तूल" या नांवानें, आमच्या नांवाच्या आधारासह, आमच्या दृष्टीस पडलें. चूक आमची, तेव्हां तिची दुरुस्तीही आम्हींच करणें प्राप्त आहे. शिवाय ज्या कारणांनीं आम्ही फसलों तीं कारणें या जातीच्या हत्यारांत पुनःपुन्हां आढळणारीं आहेत. म्हणून प्रकरण किंचित् विस्तारानें मांडीत आहों.

काशीद हें गांव अलिबागेहून रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बोर्ली व नांदगांव यांच्या दरम्यान अगदीं समुद्रकांठीं वसलें आहे. सांप्रत तें रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यांत मोडतें. १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत हा टापू जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या अंमलाखालीं होता. गांवाच्या पाठीशीं फणसाडचें रान आहे. १९८६ पासून तें अभयारण्य झालें. संस्थानी अमदानींत तें नबाबांच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. हत्यारांचा अभ्यासक या बाजूस आला म्हणजे राजपुरीहून होडींत बसतो, जंजिऱ्यावर जाऊन कलालबांगडी तोफ पाहतो आणि परत फिरतो. त्यास दोष द्यावा असें नाहीं, तोफ तशी आहेच. परंतु माळ्यावरच्या पेट्यांत आणि देवघरामागच्या कोनाड्यांत जीं लहान हत्यारें पडलेलीं असतात त्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. १८७८ चा हत्यारांचा कायदा ब्रिटिश मुलुखास लागू झाला. संस्थानांत त्या त्या दरबारचे नियम चालत. खाडीपलीकडे जें हत्यार सरकारजमा झालें असतें, तें अलीकडे घरांतच राहून गेलें, असें कित्येक ठिकाणीं घडलें असावें.

प्रस्तुत घराण्यांतील परंपरा अशी सांगण्यांत येते, कीं त्यांचे एक पूर्वज मुरुडास दरबारच्या चाकरींत असतां बंडाच्या सालीं, म्हणजे १८५७ त, एका इंग्रज आरमारी अंमलदारास किनाऱ्यावर त्यांनीं कांहीं मदत केली व त्यानें खूष होऊन आपल्या कमरेचें पिस्तूल त्यांस दिलें. या परंपरेस आधार म्हणून तीन गोष्टी पुढें करण्यांत येत. पिस्तुलावर गलबतांच्या लढाईचें चित्र आहे, ही एक. त्याच चित्राखालीं १८४३ हा इसवी सनाचा आंकडा स्पष्ट वाचतां येतो, म्हणजे हत्यार बंडापूर्वींचें, ही दुसरी. आणि जाणते लोक या नमुन्यास "नेव्ही" म्हणजे आरमारी म्हणतात, ही तिसरी. प्रथमदर्शनीं हा पुरावा भक्कम वाटतो. आम्हांसही वाटला.

पहिल्या भेटींत हत्यार ज्या स्थितींत होतें तें सांगणें जरूर आहे. नळीवर कातड्याचें म्यान होतें. दमट हवेनें तें आकसून व चरबीनें वाळून नळीस इतकें घट्ट धरून राहिलें होतें, कीं ओढलें असतें तर फाटलेंच असतें; मालकांनीं तें ओढूं दिलें नाहीं, आणि तें योग्यच केलें. मागील बाजूस म्यान कुजून गेलेलें असल्यामुळें फिरतें चक्र, त्याच्या मागचा लोखंडी सांगाडा, घोडा, पितळेची चापाची कडी व लांकडी मूठ एवढा भाग उघडा होता. चक्रावर चित्र होतें, आंकडा होता, आणि दोन घरांच्या मध्यें मुकुट कोरलेले बारीक छाप होते. चापाच्या कडीवर व सांगाड्यावर चार अंकी अनुक्रमांक होता. (तो अंक येथें देत नाहीं, मालकांची तशी इच्छा आहे.) एवढ्यावरून आम्हीं सांगितलें, कीं हें कोल्टचें १८५१ च्या आरमारी नमुन्याचें पिस्तूल, लंडन येथील कारखान्यांत झालेलें, आणि अनुक्रमांक लहान असल्यामुळें त्या नमुन्याच्या पहिल्या दोनतीन वर्षांतलें. यांतील एकही विधान टिकलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ज्या पिस्तुलांचा येथें विचार करावयाचा तीं सर्व एका अर्थीं एकाच घराण्यांतील आहेत. त्यांचा घोडा प्रत्येक बाराच्या वेळीं आंगठ्यानें मागें ओढून चढवावा लागतो. घोडा मागें येतां येतां चक्र एक घर फिरतें व पुढचें भरलेलें घर नळीसमोर येऊन ठरतें. चाप ओढल्यानें फक्त चढविलेला घोडा पडतो, दुसरें कांहीं होत नाहीं. याच्या उलट, चाप ओढल्यानेंच घोडा चढतो, चक्र फिरतें व बार होतो, अशी दुसरी जात आहे. तिचा उल्लेख पुढें येईल. चक्राची कल्पना कोल्टची नव्हे. अमेरिकेंतील बॉस्टनचा इलायशा कॉलियर यानें १८१८ सालींच इंग्लंडांत चकमकीच्या फिरत्या पिस्तुलाची सनद घेतली होती. तथापि घोड्याच्या चढण्यास चक्राचें फिरणें व अडकणें बिनचूक बांधून टाकण्याचें श्रेय सॅम्युएल कोल्ट यासच दिलें पाहिजे. हा गृहस्थ १८३० सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, कोर्व्हो नांवाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीस निघाला, आणि त्याच प्रवासांत त्यानें चाकूनें लांकूड कोरून आपल्या पिस्तुलाचा पहिला नमुना केला असें सांगतात. त्याची इंग्रजी सनद १८३५ ची व अमेरिकन सनद १८३६ ची आहे. पहिला कारखाना १८४२ त बसला. १८४७ त वॉकर नांवाच्या कप्तानाच्या सल्ल्यानें केलेल्या साडेचार पौंडांच्या अवजड पिस्तुलानें धंदा पुन्हां उभा राहिला. आणि नंतर हार्टफर्ड येथें जी भरभराट झाली तिच्यांतून आपले तीन नमुने निघाले.

या तिहींपैकीं पहिला तो १८५१ चा आरमारी नमुना. १८५१ हें साल संग्राहकांनीं मागाहून लावलेलें आहे. काम १८५० तच सुरू झालें होतें. याची नळी साडेसात इंच लांब व अष्टकोनी, व्यास इंचाच्या ३६ शतांशांचा, घरें सहा, वजन अदमासें दोन पौंड दहा औंस. नळीखालीं ठासणीचा दांडा असतो. तो एका खिळ्यावर साधा खालीं मुडपतो व त्यास जोडलेला दट्ट्या गोळीस घरांत दाबतो. हार्टफर्ड येथें हीं पिस्तुलें १८७३ पर्यंत सुमारें २,१५,००० झालीं. लंडन येथें टेम्स नदीच्या कांठीं कोल्टनें १८५३ त जो कारखाना काढला व १८५६ त बंद केला, तेथें आणखी सुमारें ४२,००० झालीं.

दुसरा १८६० चा लष्करी नमुना. नांवें वेगळीं असलीं तरी याचा सांगाडा आरमारी नमुन्याच्याच मापाचा आहे, आणि या नमुन्याचें चातुर्य यांतच आहे. गोळी मोठी, इंचाच्या ४४ शतांशांची, म्हणून चक्र मोठें हवें. परंतु सांगाडा वाढविला तर वजन वाढतें. तेव्हां चक्राचा पुढील भाग तेवढा जाड केला, मागील भाग पूर्वींचाच ठेवला, आणि जाड भाग बसावा म्हणून सांगाड्याच्या पुढच्या तळास खोबण पाडली. चक्रावर ही पायरी बोटानेंही कळते. नळी गोल, बहुधा आठ इंच. मूठ किंचित् लांब. हीं सुमारें २,००,००० झालीं व अमेरिकेच्या यादवी युद्धांत मुख्यतः वापरलीं गेलीं.

तिसरा १८६१ चा आरमारी नमुना. हा पहिल्या दोहोंचा मिलाफ आहे. सांगाडा, चक्र, मूठ, गोळी हीं सर्व १८५१ चीं. नळी मात्र लष्करी नमुन्याप्रमाणें गोल व निमुळत्या घडणीची, लांबी साडेसात इंचच. ठासणीचा दांडाही नवा. यांत दांडा केवळ खिळ्यावर मुडपत नाहीं. त्याच्या वरच्या कडेस दांते आहेत व नळीच्या खालच्या अंगास त्यांजोगीं भोकें आहेत, त्यांमुळें दांडा खालीं येतां येतां दांत्यादांत्यानें मागें सरकतो व जोर समान पडतो. हा नमुना १८७३ पर्यंत अवघा ३८,८४३ झाला. म्हणजे १८५१ च्या मानानें दुर्मिळ.

या वर्णनावरून वाचकांच्या लक्षांत येईल, कीं १८५१ व १८६१ या दोन आरमारी नमुन्यांतील जो भेद तो सर्व नळींत व नळीखालच्या दांड्यांत आहे. नळी झांकून ठेविली तर राहिलेल्या भागावरून दोहोंतील निवाडा करणें जवळजवळ अशक्य. काशीदच्या म्यानानें नेमकी तेवढीच जागा झांकली होती. चक्रावर पायरी नाहीं एवढें पाहून आम्हीं लष्करी नमुना वगळला, तें बरोबर होतें. परंतु उरलेल्या दोहोंपैकीं जास्त प्रसिद्ध तो गृहीत धरला.

आतां त्या १८४३ च्या आंकड्याविषयीं. चक्रावरील चित्र हातानें कोरलेलें नसतें. ऑर्म्सबी नांवाच्या न्यूयॉर्कच्या खोदकाराकडून कोल्टनें पोलादाचा ठसा करून घेतला व तो यंत्रांत चक्रावर दाबून फिरविला, म्हणजे सगळ्या चक्रांवर तेंच चित्र उमटे. चित्र आहे मेक्सिकोच्या आखातांतील कांपेचे येथील आरमारी लढाईचें. टेक्सस तेव्हां स्वतंत्र राज्य होतें. त्याच्या आरमारानें कोल्टचीं आरंभींचीं पिस्तुलें विकत घेतलीं होतीं, व त्या उपकाराची आठवण म्हणून कोल्टनें हा प्रसंग निवडला. चित्राखालीं जें लिहिलें आहे त्याचा अर्थ १६ मे १८४३ रोजीं झुंज झाली एवढाच आहे. हत्यार घडविल्याची ती मिति नव्हे. १८५१ च्या आरमारी नमुन्यावर हीच ओळ आहे, १८६० च्या लष्करी नमुन्यावर हीच आहे, १८६१ च्या आरमारी नमुन्यावरही हीच आहे; १८७३ सालीं कारखान्यांतून बाहेर पडलेल्या पिस्तुलावरही १८४३ हाच आंकडा वाचावयास मिळतो. हस्तलिखितें हाताळणारांस हा प्रकार नवा नाहीं. नकलकार मूळ पोथीच्या शेवटचा शक तसाच उतरून घेतो, आणि आपण नकलेस दोनशें वर्षांची जुनी म्हणून बसतों. पोथीच्या बाबतींत आम्हीं कागद, शाई व वळण पाहिल्याशिवाय शकावर भरंवसा ठेवला नसता. लोखंडाच्या बाबतींत ठेवला.

आरमारी या नांवाचेंही तसेंच. त्या चित्रावरून, आणि अमेरिकन आरमारानें ३६ शतांशांची गोळी पत्करल्यावरून, हें नांव रूढ झालें. इंग्रज सरकारनें क्रिमियाच्या युद्धाच्या वेळीं लंडनच्या कारखान्याकडून हीं पिस्तुलें तेवीस हजारांहून अधिक घेतलीं, त्यांतील बरींच पायदळाच्या वांट्यास गेलीं. यास्तव नांवावरून मूळ मालक आरमारी अंमलदार होता असें म्हणतां येत नाहीं.

अनुक्रमांकानें झालेली फसगत अधिक सूक्ष्म आहे. कोल्टच्या कारखान्यांत प्रत्येक नमुन्याची अंकमाला सामान्यतः स्वतंत्र होती आणि ती एकापासून सुरू होई. लंडनच्या आरमारी पिस्तुलांची मालाही निराळी. त्यामुळें चार अंकी एकच अंक १८५१ च्या मालेंत वाचला तर तो पहिल्या दोनतीन वर्षांतला ठरतो, आणि तोच १८६१ च्या मालेंत वाचला तर १८६१ च्या पूर्वींचा असूंच शकत नाहीं. आधीं नमुना ठरवावा, मग अंक लावावा. आम्हीं नमुना गृहीत धरून अंक लावला आणि अंकानें आपलें गृहीत सिद्ध झालें असें मानलें.

राहिले मुकुटाचे छाप. हे लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीचे परीक्षेचे छाप होत : मुकुटाखालीं व्ही हें रोमन अक्षर, आणि मुकुटाखालीं जी व पी हीं अक्षरें एकांत एक गुंतविलेलीं. पिस्तूल लंडनच्या परीक्षागृहांत बार काढून तपासलें गेलें एवढें त्यांवरून सिद्ध होतें. तें लंडनांत घडविलें गेलें हें सिद्ध होत नाहीं. इंग्लंडांत विकावयाच्या हत्यारास परीक्षा सक्तीची होती, आणि लंडनचा कारखाना बंद झाल्यावरही कोल्टची लंडनची पेढी हार्टफर्डहून माल आणून विकीतच होती. अशा अमेरिकन पिस्तुलांवर हेच मुकुट असतात. खरें लंडनी पिस्तूल ओळखावयाचें तर नळीवरील पत्ता पाहावा. त्यावर कर्नल कोल्ट, लंडन असें असतें. शिवाय चापाची कडी व मुठीची पाठपट्टी हीं लंडनच्या मालांत बहुतकरून लोखंडी असतात. अमेरिकन मालांत पितळेचीं असून त्यांवर चांदीचा मुलामा असतो. आरंभीं लंडनांतही अमेरिकेहून आलेले सुटे भाग जुळवीत, म्हणून पितळ दिसलें कीं लंडन नव्हे असा सरसकट नियम करूं नये. परंतु काशीदच्या पिस्तुलाची कडी पितळेची होती आणि तिच्या आंतल्या वळणांत मुलाम्याचा अंशही राहिला होता. तें आमच्या टिपणांत त्याच दिवशीं नोंदलेलें आहे. नोंदलें, आणि सोडून दिलें.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्हांस दुसऱ्यानें काशीदास जाण्याचा योग आला. मालकांनीं मध्यंतरीं कातड्याच्या कामांत वाकबगार अशा एका कारागिराकडून म्यानास महिनाभर तेल पाजविलें होतें व तें न फाटतां निघालें होतें. नळी पाहतांच प्रकरण निकालांत निघालें. नळी गोल, साडेसात इंच; दांडा दांत्यांचा. नळीच्या माथ्यावरचा पत्ता भिंगाखालीं लागला. तो कर्नल सॅम्युएल कोल्ट, न्यूयॉर्क, अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें, असा आहे. १८५१ च्या नमुन्याच्या आरंभींच्या पिस्तुलांवर न्यूयॉर्क शहराचा पत्ता येतो, मध्यंतरीं हार्टफर्डचा, आणि शेवटीं हा. म्हणजे पत्त्याचें वळणही उत्तरकालीन आहे.

एक शंका राहिली. १८६१ ची नळी १८५१ च्या सांगाड्यावर बसूं शकते. जुनें पिस्तूल, नळी फुटलेली, मागाहून नवी बसविलेली, असें झालें असल्यास सांगाडा बंडापूर्वींचा ठरून परंपरेस जागा मिळाली असती. मालकांनीं ही शंका स्वतः काढली, हें त्यांच्या बुद्धीस शोभणारें आहे. तिचें उत्तर अनुक्रमांकांत आहे. कोल्टच्या पिस्तुलांत एकच अंक नळी, सांगाडा, चापाची कडी, पाठपट्टी, चक्र व पाचर या सर्वांवर ठोकलेला असतो. आम्हीं पाचर काढून नळी सोडवली व एकेक भाग पाहिला. पांच ठिकाणीं अंक तोच आहे. सहाव्या ठिकाणीं, म्हणजे नळी सांगाड्याशीं धरून ठेवणाऱ्या पाचरीवर, मुळींच अंक नाहीं; ती कोणा देशी लोहारानें केलेली साधी पोलादी पट्टी आहे आणि मूळ पाचरीपेक्षां घट्ट बसते. तेव्हां नळी मूळचीच. हत्यार १८६१ नंतर आणि १८७३ च्या आंत घडविलेलें, हार्टफर्डचें, लंडनच्या परीक्षागृहांतून पुढें आलेलें. १८५७ शीं त्याचा संबंध असणें शक्य नाहीं.

बंडाच्या सालचें पिस्तूल या किनाऱ्यावर सांपडावयाचेंच झालें तर तें कसें असेल, हेंही सांगून ठेवणें उपयोगाचें होईल. एक तर तें लंडनचें १८५१ च्या नमुन्याचें, अष्टकोनी नळीचें, लोखंडी कडीचें असेल. किंवा तें कोल्टचें नसून रॉबर्ट ॲडम्स याचें असेल. ॲडम्सचें पिस्तूल १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत कोल्टच्या समोर मांडलें गेलें होतें. त्याची नळी व सांगाडा एकाच लोखंडाचे असून चक्राच्या वरूनही पट्टी जाते, घरें पांच, आणि घोड्यास आंगठा लावावयाची जागाच नाहीं, कारण चापानेंच सर्व काम होतें. १८५६ त ब्योमाँट नांवाच्या अंमलदारानें त्यांत सुधारणा केली, तीमुळें घोडा आंगठ्यानेंही चढवितां येऊं लागला व चापानेंही. अंगावर चालून येणाऱ्या तलवारीच्या मनुष्यास कोल्टची लहान गोळी थांबवीत नाहीं व गडबडींत घोडा चढविण्यास फुरसत मिळत नाहीं, अशी तक्रार इंग्रज अंमलदारांत त्या काळीं होती, आणि लष्करखात्याचा कलही ॲडम्सच्या बाजूस झुकला. नेम धरून मारावयाचें तर कोल्ट बरें, धुमश्चक्रींत ॲडम्स बरें, असा त्या वादाचा सारांश आहे.

याच घराण्यांतील इतर नमुन्यांविषयीं थोडक्यांत. ड्रॅगून नांवाच्या अवजड घोडेस्वारी पिस्तुलाचे तीन पोटभेद मानतात : चक्रावरील अडकवणीचे खांचे लंबगोल असल्यास पहिला, चौकोनी असून चापाच्या कडीची मागील बाजू चौरस असल्यास दुसरा, खांचे चौकोनी व कडी गोल असल्यास तिसरा. खिशांत ठेवावयाचा १८४९ चा लहान नमुना इंचाच्या ३१ शतांशांचा असून त्यावर गलबतें नव्हेत, तर वाटमाऱ्यांनीं गांठलेली टपालगाडी आहे. काडतुसांच्या काळांतील १८७३ चा नमुना निराळा ओळखतां येतो, कारण त्याच्या चक्रावरून सांगाड्याची पट्टी गेलेली असते व काडतूस उजव्या बाजूच्या झडपेंतून भरतात. यांतही एक बारीक भेद उपयोगी आहे. चक्राचा आंस सांगाड्याच्या पुढल्या तोंडांतील तिरप्या स्क्रूनें धरलेला असेल तर हत्यार १८९६ च्या सुमारापूर्वींचें व साध्या काळ्या दारूच्या काळचें. बाजूनें आरपार जाणाऱ्या स्प्रिंगच्या खिळीनें धरलेला असेल तर नंतरचें. बिस्ली नांवाचा पोटनमुना १८९४ पासून निघाला. इंग्लंडांतील नेमबाजीच्या मैदानावरून त्यास नांव पडलें. मूठ अधिक खालीं वळलेली, घोड्याची शेपटी रुंद व खालीं झुकलेली, एवढ्यावरून तो दुरून ओळखूं येतो.

नकली मालापासूनही सावध राहिलें पाहिजे. बेल्जममधील लीएज येथें कोल्टच्या परवान्यानें व परवान्यावांचूनही आरमारी पिस्तुलें झालीं. त्यांवर लंबगोलांत ई, एल्, जी हीं अक्षरें असलेला छाप असतो. हीं जुनीं आहेत, त्यांस संग्रहांत मान आहे. परंतु १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इटलींत हुबेहूब प्रतिकृति होऊं लागल्या, आणि त्यांवरचे छाप घांसून, गंज चढवून त्या जुन्या म्हणून विकण्याचा धंदा चालतो. एका शहरांतील एका विक्रेत्यानें अशीच एक वस्तु आम्हांस सरदार घराण्यांतली म्हणून दाखविली. गंज घरांच्या आंत कोठेंही पोंचला नव्हता. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यांत, जुन्या नमुन्याच्या व दुरुस्तीनेंही न चालणाऱ्या हत्यारांस सूट आहे. पण हत्यार तसें आहे कीं नाहीं हें संग्राहकानें स्वतःच ठरवून मोकळें होऊं नये. काशीदच्या पिस्तुलाचीं टोप्या बसविण्याचीं सहाही बोंडें गंजून बुजलीं आहेत व चक्र फिरत नाहीं.

परंपरेचें आतां काय, असें मालकांनीं विचारलें. पूर्वजांनीं इंग्रज अंमलदारास मदत केली नाहीं असें या शोधानें ठरत नाहीं; त्यास देणगी मिळाली नाहीं असेंही ठरत नाहीं. ठरतें तें इतकेंच, कीं ती देणगी हें पिस्तूल नव्हे. दुसरें एखादें हत्यार घरांतून गेलें व त्याची गोष्ट यास चिकटली, किंवा पुढील पिढींतील कोणा पुरुषानें हें मुंबईस विकत घेतलें व १८४३ च्या आंकड्यानें गोष्ट मागें ओढली, दोन्ही संभवनीय. मालकांस वाईट वाटलें, तें त्यांनीं लपविलें नाहीं. पेटीच्या झांकणावरचा जुना कागद त्यांनीं काढूं दिला नाहीं; त्याखालीं आमच्या हातचा दुसरा कागद आमच्या सहीनें लावला आहे.

कुलाब्याच्या व रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील ज्या घराण्यांत अशीं सहाबारी वा पांचबारी पिस्तुलें असतील, त्यांनीं मंडळाकडे नळीच्या माथ्यावरील अक्षरांचा, चक्रावरील छापांचा व सर्व भागांवरील अंकांचा पातळ कागदावर पेन्सिलीनें घांसून काढलेला ठसा पाठवावा, आणि पाचरीचा अंक पाहण्यास विसरूं नये. म्यान चिकटलेलें असल्यास तें ओढूं नये.